दस्ता घरी कापला आणि गनस्मिथकडूनही कापून घेतला

रायफलीचा दस्ता, म्हणजे खांद्याला टेकणारा मागचा भाग, आखूड करून मागे रबरी पॅड बसवणं हे सांगायला दोन शब्दांचं काम आहे. कापा आणि बसवा. गेल्या वर्षी, २०२५ च्या जुलै ते ऑक्टोबरमध्ये, हे काम दोन रायफलींवर दोन वाटांनी झालं. .२२ ची बोल्ट रायफल घरच्या गॅरेजमध्ये, आणि हरणाच्या शिकारीची .३०८ गनस्मिथकडे, म्हणजे बंदुका दुरुस्त करणाऱ्या कारागिराकडे (.२२ आणि .३०८ हे गोळीच्या जाडीचे इंचातले आकडे). ठिकाण पेनसिल्व्हेनिया. कुठे किती वेळ गेला, किती पैसे गेले आणि कुठे चुकलं, ते क्रमाने लिहितो.

आधी कारण. चापाच्या पुढच्या पृष्ठापासून दस्त्याच्या मागच्या टोकाच्या मध्यापर्यंतचं सरळ अंतर म्हणजे दस्त्याची लांबी. कारखान्यातून येणाऱ्या बहुतेक रायफलींत ती ३४५ मिलिमीटरच्या आसपास असते. पाच फूट नऊ-दहा इंचाच्या माणसाला, साध्या शर्टावर, ती बसते. पाच फूट चार इंच उंचीला ती जास्त होते, आणि नोव्हेंबरअखेरच्या थंडीत जाड जॅकेट चढवलं की आणखी दहा-बारा मिलिमीटरची भर पडते. मग मान पुढे ताणावी लागते, नेम धरायच्या दुर्बिणीत काळी चंद्रकोर दिसते, पॅड बगलेत अडकतो आणि दस्ता खांद्याऐवजी दंडावर टेकतो. .३०८ चा धक्का दंडावर घेतला की दुसऱ्या दिवशी तिथे निळा डाग असतो.

कायद्याचं आधीच उरकतो, कारण विचारणारे याच्यावर अडतात. अमेरिकेत स्वतःच्या रायफलीचा दस्ता स्वतः कापायला केंद्रीय कायद्यात परवाना लागत नाही. कायद्याच्या नजरेत शस्त्र म्हणजे अनुक्रमांक असलेला सांगाडा (नळी आणि बोल्ट ज्यात बसतात तो धातूचा भाग), दस्ता म्हणजे नुसतं लाकूड. मर्यादा एकच लक्षात ठेवायची: रायफलीची एकूण लांबी २६ इंचांच्या खाली गेली, किंवा नळी १६ इंचांहून आखूड झाली, तर ती वेगळ्या आणि कडक वर्गात जाते. नळीला आपण हातच लावत नाही, आणि .२२ ची एकूण लांबी ९४० मिलिमीटरवरून ९१७ वर येणार होती, तर २६ इंच म्हणजे ६६०. पुष्कळ जागा होती. दुसरी गोष्ट एच-वन-बीवर असलेल्यांसाठी. तात्पुरत्या व्हिसावरच्या माणसाला शस्त्र किंवा काडतूस बाळगायलाच केंद्रीय कायद्याने मनाई आहे. मुदतीतला शिकार-परवाना हा त्यातला एक अपवाद आहे, पण त्याच्या जोरावर काही करण्याआधी वकिलाला विचारा, मित्राला नाही. ग्रीनकार्डवाल्यांना ही अडचण नाही. आणि नाशिक-नागपुरात बसून वाचणाऱ्यांनी यातलं काहीच घरी करू नये. १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या कलम ५ मध्ये विक्रीबरोबर दुरुस्ती आणि बदल हे शब्दही आहेत, त्यामुळे तिथे हे काम परवानाधारक दुकानातच जातं.

१२ जुलै, शनिवार. पहिला दिवस फक्त मापाचा. कोपराच्या खोबणीत दस्ता टेकवून बोट चापापर्यंत पोचतं का बघायचं, ही जुनी पद्धत ढोबळ आहे. हाताची लांबी सांगते, मान आणि छातीबद्दल काही सांगत नाही. त्यापेक्षा हे करा: काडतुसं दुसऱ्या खोलीत ठेवा, बोल्ट (काडतूस आत ढकलणारा सरकता दांडा) उघडून गोळीची खोली डोळ्याने आणि करंगळीने तपासा, हिवाळी जॅकेट घाला (जुलैत घाम फुटतो, इलाज नाही), डोळे मिटून रायफल खांद्याला लावा आणि मग डोळे उघडा. दुर्बिणीत पूर्ण गोल दिसला पाहिजे, नाक आणि अंगठ्याच्या पेरात दोन बोटांचं अंतर राहिलं पाहिजे. असं वीस वेळा केलं की मान किती ताणली जाते ते कळतं. मित्राकडची लहान मापाची, ३१८ मिलिमीटरची रायफल तासभर हाताळली. ती किंचित आखूड वाटली. म्हणून .२२ साठी ३२० ठरवलं, आणि जाड जॅकेटवर वापरायच्या, पण मऊ पॅडच्या .३०८ साठी ३२४.

माप मिलिमीटरमध्येच घ्या. तेरा पूर्णांक पाच अष्टमांशातून तीन चतुर्थांश वजा करताना घोळ होतो, आणि कापलेलं लाकूड परत चिकटत नाही. .२२ चा हिशोब असा: जुनी लांबी ३४३, त्यात मागची प्लास्टिक प्लेट ५, म्हणजे लाकूड ३३८ पर्यंत. नवी लांबी ३२०, पॅडची जाडी २०, म्हणजे लाकूड ३०० ला संपायला हवं. कापायचं ३८. लांबी २३ ने कमी करायची तर २३ कापा, असं करणारे पॅडची जाडी विसरतात आणि शेवटी फक्त आठ मिलिमीटर कमी होऊन बसतं.

करवत लावण्याआधी दस्ता आतून पोकळ नाही ना, हेही बघा. प्लास्टिकचे दस्ते बहुतेक पोकळच असतात. कापल्यावर स्क्रूला धरायला काही उरत नाही, मग आत लाकडी ठोकळा इपॉक्सीने बसवावा लागतो. आमचा बर्चचा, भरीव होता.

लांबीइतकाच पॅडचा कलही महत्त्वाचा. पॅड जमिनीवर सपाट टेकवून रायफल भिंतीला उभी करा, सांगाडा भिंतीला लागू द्या, आणि नळीचं तोंड भिंतीपासून किती दूर राहतं ते मोजून लिहून ठेवा. कापल्यावर अंतर साधारण तेवढंच यायला हवं. कल बिघडला तर प्रत्येक गोळीला पॅड खांद्यावरून वर किंवा खाली सरकतो, आणि दोष माणूस स्वतःच्या नेमाला देत बसतो.

१९ जुलै, कापण्याचा दिवस. दस्ता सांगाड्यापासून वेगळा केला (.२२ ला एकच स्क्रू होता), रेघेभोवती मास्किंग टेपचे दोन थर गुंडाळले, रेघ टेपवर आखली आणि धारदार सुरीने लाकडात मिलिमीटरभर चिरली. ही चीर दिली नाही तर पॉलिशची ढलपी निघते, आणि ती नेमकी दिसेल अशाच जागी निघते. माइटर सॉला (आडवं कापायच्या विजेच्या करवतीला) ८० दात्यांचं नवं पातं लावलं. घराबरोबर आलेलं २४ दात्यांचं पातं फळ्यांसाठी ठीक आहे, दस्त्यासाठी नाही.

खरा वेळ जातो तो दस्ता करवतीच्या टेबलावर बसवण्यात. दस्ता कुठूनच चौकोनी नसतो. आडवा ठेवला की मागचं टोक रुंद आणि मनगटाची, म्हणजे मुठीत धरायच्या बारीक भागाची, बाजू अरुंद असल्याने तो कलंडतो, आणि तसाच कापला तर पॅड डावीकडे किंवा उजवीकडे वळलेला बसतो. मनगटाखाली पत्त्यांचे तुकडे सरकवत मध्यरेघ टेबलाला समांतर आणली. अकरा पत्ते लागले. पाठीमागच्या आधाराशीही तेच, कारण दस्त्याची वरची कड तिरकी असते. तिथे लाकडाची पाचर दिली. मग करवतीची वायर काढून पातं हाताने खाली आणलं आणि टाचेपासून व चवड्यापासून पात्याचं अंतर सारखं येईपर्यंत पाचर हलवत राहिलो. दस्त्याच्या मागच्या टोकाच्या वरच्या कोपऱ्याला टाच आणि खालच्याला चवडा म्हणतो आहे. जुनी प्लेट वक्र असेल तर टाच ते चवडा पट्टी टेकवून ती पट्टी हीच रेघ धरायची. एवढ्याला दीड तास लागला. कापायला सहा सेकंद. रेघेच्या बाहेरून, दीड मिलिमीटर जास्त ठेवून कापलं. पाठीमागे आणि खाली भंगार फळी लावली होती, कारण दाते तिथून बाहेर पडतात आणि ढलप्या तिथेच उडतात.

उरलेला दीड मिलिमीटर जाड काचेवर चिकटवलेल्या ८० नंबरच्या पॉलिश पेपरवर घासून काढला. इथे हात हळूहळू डोलतो आणि मधला भाग उंच राहतो. पॅड टेकवून मागून विजेरी धरली की कडेच्या फटीतून उजेड दिसतो. उजेड दिसेनासा होईपर्यंत चार वेळा घासावं लागलं.

जुन्या स्क्रूंची भोकं ४४ मिलिमीटर खोल निघाली, म्हणजे ३८ कापूनही सहा उरली. नवा स्क्रू त्यांच्या काठावर येणार होता, तो तिरका गेला असता. कठीण लाकडाची गोल खुंटी सरस लावून ठोकली आणि चोवीस तास हात लावला नाही. नव्या आठ नंबरच्या स्क्रूसाठी तीन मिलिमीटरचं भोक आधी कापलेल्या तुकड्यात पाडून पाहिलं. तो तुकडा फेकू नका. भोकाचा व्यास, रंग, पॉलिश, सगळं आधी त्याच्यावर करून बघता येतं.

कापलेल्या तोंडाला पॉलिश लावायलाच हवं. लाकडाच्या रेषांची टोकं तिथे उघडी पडलेली असतात, ती पावसाचं पाणी स्ट्रॉसारखी वर ओढतात. मग दस्ता मागून फुगतो आणि पॅडच्या कडेला लाकूड बाहेर येतं. पातळ केलेल्या पॉलियुरेथेनचे दोन हात, मध्ये एक रात्र.

२६ जुलै. पॅड. पॅड मुद्दाम मोठे येतात, दस्त्याच्या आकाराला घासून आणायचे असतात. बाहेरून पाहिलं तर स्क्रूची भोकं दिसतच नाहीत, ती रबराखाली असतात. मागच्या बाजूने टोकदार सळई घालून जागा शोधायची, पुढून ब्लेडने छोटी फुली चिरायची आणि स्क्रूड्रायव्हरच्या दांड्याला भांडी घासायचा साबण लावून आत घालायचा. कोरडा घातला तर रबर फाटतं आणि ती भेग कायम दिसते. स्क्रूला मेण लावलं.

पॅड बसवून दस्त्याच्या कडेने पॅडच्या काळ्या तळावर सुईने रेघ ओढली. काळ्यावर रेघ दिसत नाही म्हणून तळाला आधी पांढरा टेप लावून घेतला. पॅड काढला, तासभर फ्रीजरमध्ये ठेवला (गार रबर भुशासारखं झडतं, गरम रबर चिकटतं आणि पेपर बंद पडतो) आणि चकतीच्या सँडरवर ६० नंबरने घासायला घेतला. मास्क लावा आणि गॅरेजचं दार उघडं ठेवा. तो काळा भुसा नाकात दोन दिवस राहतो.

चूक इथे झाली. दस्त्याची खालची कड चवड्याकडे तिरकी उतरत जाते. पॅडने तीच रेघ पुढे न्यायला हवी, म्हणजे चवड्याशी पॅड तिरका घासला गेला पाहिजे. हातात धरलेला पॅड चकतीशी काटकोनात राहतो, त्यामुळे तळ रेघेला अचूक आला, पण बाजूने पाहिलं तर चवड्याशी रेघ मोडलेली. ती सरळ करायच्या नादात दीड मिलिमीटर जास्त गेलं आणि लाकूड पॅडच्या बाहेर डोकावू लागलं. याला उपाय नाही. रबर वाढवता येत नाही. पॅड टाकून द्यावा लागतो किंवा लाकूड कमी करून पूर्ण दस्त्याचं पॉलिश नव्याने करावं लागतं. पॅड टाकला.

दुसरा पॅड २ ऑगस्टला, वेगळ्या रीतीने. पॅड दस्त्यावरच बसवून लाकडाला टेपचे चार थर गुंडाळले आणि लाकडी ठोकळ्यावर गुंडाळलेल्या १२० नंबरच्या पेपरने हाताने घासलं. पेपर टेपला लागू लागला की थांबायचं. पॅड टेपच्या जाडीइतका वर राहतो. बोटाला कड लागते, डोळ्याला दिसत नाही. दोन तास दहा मिनिटं.

खर्च: पॅड २६ डॉलर, दुसरा पॅड पुन्हा २६, पातं ४२, पॉलिश पेपर १२, खुंटी आणि सरस ९, पॉलियुरेथेन १४. एकूण १२९ डॉलर, आणि चार शनिवारांचे मिळून नऊ-साडेनऊ तास. पातं आणि उरलेलं सामान पुढच्या वेळी उपयोगी येईल, हा दिलासा मी स्वतःला दिलेला आहे. चवड्याचा कोन धरून ठेवणारा पॅडचा साचा चाळीस-पन्नास डॉलरला मिळतो. तो घेतला असता तर पहिला पॅड वाचला असता.

.३०८ अक्रोडाच्या लाकडाची आणि घासून तेल दिलेल्या जुन्या पॉलिशची. तिच्यावर हात चालवायची हिंमत झाली नाही. १६ ऑगस्टला दोन ठिकाणी फोन केले. एकाने पॅड सोडून ७५ डॉलर सांगितले आणि आठ आठवडे. दुसऱ्याने पॅडसकट ११० आणि तीन आठवडे. पेनसिल्व्हेनियात हरणाचा रायफल-हंगाम थँक्सगिव्हिंगनंतरच्या शनिवारी उघडतो (२०१९ पूर्वी सोमवारी उघडायचा), आणि त्याआधीचे दोन महिने गनस्मिथकडे रांग लागते. काम मे-जूनमध्ये द्या. आम्ही उशीर केला.

फोनवर विचारून घेण्यासारखी एक गोष्ट: नुसता दस्ता आणला तर चालेल का? दस्ता शस्त्र नाही, त्यामुळे दुकानात नोंद नाही, आणि साध्या टपालानेही पाठवता येतो. पूर्ण रायफल रात्रभर दुकानात राहिली तर दुकानदाराला तिचा अनुक्रमांक आणि तुमचं नाव-पत्ता आपल्या नोंदवहीत चढवावा लागतो. समोर उभं राहून तासाभरात करून घेतलं तर तीही नोंद लागत नाही. परत घेताना, ज्याने दिली त्यालाच परत असेल तर खरेदीच्या वेळचा ४४७३ नंबरचा फॉर्म पुन्हा भरावा लागत नाही. भाऊ किंवा मित्र आणायला गेला तर मात्र प्रश्न निर्माण होतो, म्हणून स्वतः जा. या गनस्मिथने पूर्ण रायफल मागितली, आणि जॅकेटही आणायला सांगितलं. त्यावरूनच काम चांगलं होणार असं वाटलं. रायफल रिकामी, बोल्ट वेगळा, पेटीत बंद, गाडीच्या मागे. भरलेली रायफल गाडीत ठेवणं या राज्यात गुन्हा आहे.

२३ ऑगस्टला दुकानात त्याने जॅकेटवर रायफल खांद्याला लावून घेतली, बाजूने पाहिलं आणि आमचं ३२४ मान्य केलं. जुनी लांबी ३४६, जुना पॅड १३, नवा २५, म्हणजे लाकूड ३३३ वरून २९९, कापायचं ३४. मग त्याने दस्त्याखालच्या, खांद्यावर अडकवायच्या पट्ट्याच्या कडीवर बोट ठेवलं. ती टोकापासून ६४ मिलिमीटरवर होती. ३४ कापल्यावर ३० उरणार, आणि पॅडचा खालचा स्क्रू साधारण तेवढाच आत जातो. तो कडीच्या आट्यांवर जाऊन आपटला असता, किंवा लाकूड फोडून बाहेर आला असता. आमच्या हिशोबात ही कडी कुठेच नव्हती. कडी पुढे सरकवायचे १५ डॉलर वेगळे.

तीन आठवड्यांचे पाच झाले. २७ सप्टेंबरला रायफल मिळाली, बिल १२५ डॉलर. पॅड आणि लाकूड यांमध्ये नख अडकत नव्हतं, चवड्याची रेघ एका ओघात गेलेली. जुन्या कडीचं भोक त्याने आमच्याच दस्त्याच्या कापलेल्या तुकड्यातून काढलेल्या अक्रोडाच्या खुंटीने बुजवलं होतं, रेषा जुळवून. ते शोधायला उन्हात जावं लागलं. प्रत्यक्ष कामाला किती वेळ लागला विचारलं तर म्हणाला, तासभर, आणि त्यातली चाळीस मिनिटं तुमच्या त्या कडीची.

म्हणजे पैशांत चार डॉलरचा फरक, तोही घरच्या बाजूने जास्त. पातं आधीच असेल आणि पॅड एकच लागला तर घरी साठ-पासष्टमध्ये होतं. वेळेत नऊ तासांसमोर गाडीच्या दोन फेऱ्या आणि पाच आठवड्यांची वाट. पुन्हा करायचं झालं तर दस्ता मी घरी कापेन, तोंडाला पॉलिशही घरी देईन आणि नुसता दस्ता पॅड घासायला गनस्मिथकडे पाठवेन. कापण्याला सावधपणा पुरतो. घासण्याला हात लागतो, आणि तो दोन पॅडमध्ये येत नाही.

दस्ता आखूड झाला की डोकं दुर्बिणीच्या जवळ येतं, हे कुणी सांगत नाही. ४ ऑक्टोबरला जॅकेट घालून बसल्यावर डोळ्यापासून काच जेमतेम अडीच इंचांवर आली होती, लागतात साडेतीन. .३०८ च्या धक्क्याने दुर्बिणीची कडा भुवईवर बसते आणि तिथे टाके पडतात. दुर्बिणीला धरणाऱ्या कड्यांचे स्क्रू सैल करून दुर्बीण पुढे सरकवली, तिच्यातली उभी रेघ ओळंब्याशी जुळवली आणि टॉर्क ड्रायव्हरने (ठरलेल्या जोरावर थांबणाऱ्या स्क्रूड्रायव्हरने) १५ इंच-पौंडांवर आवळलं. सांगाडा दस्त्यात बसवायचे स्क्रू, लाकडी दस्ता असल्यामुळे, ४० वर. तुमच्या रायफलीच्या पुस्तिकेत आकडा असेल तर तोच धरा. दोन्ही स्क्रू आलटून पालटून थोडे थोडे आवळायचे, आधी पुढचा.

सांगाडा काढला की जुना नेम गेला असं समजा. आधी २५ यार्डांवर तीन गोळ्या, मग १०० वर. दुर्बिणीवरच्या नेम जुळवायच्या बटणाची एक टिकटिक १०० यार्डांवर पाव इंच हलवते, २५ वर त्याच्या चौथाई, म्हणजे तिथे चौपट टिकटिकी लागतात. पहिल्या तीन गोळ्या मधल्या ठिपक्याच्या चार इंच डावीकडे, एकमेकींना चिकटून पडल्या. चौदा गोळ्यांत १०० यार्डांवर दीड इंच वर आणून थांबलो. वीसचा डबा तीस डॉलरच्या आसपास येतो, तोही हिशोबात धरा. सरकारी गेम लँडच्या (शिकारीसाठी राखलेल्या जमिनीच्या) रेंजवर जायचं तर मुदतीतला शिकार-परवाना किंवा रेंजचा वेगळा परवाना खिशात ठेवा.

जानेवारीत, घरातला हीटर दीड महिना चालल्यावर, सगळे स्क्रू पुन्हा तपासले. .३०८ चा पुढचा स्क्रू पाव फेरा सैल झाला होता, लाकूड सुकून आक्रसतं. .२२ च्या पॅडची टेपच्या जाडीची कड मात्र सुकलेल्या लाकडावर आणखी वर आली आहे. उन्हाळ्यात दमट हवेत लाकूड फुगेल, तेव्हा बघून घासेन.